मिळकत आणि मद्यपान

"पैसा हातीं खेळला कीं पुरुष पिऊं लागतो," असें कोणी म्हणतो. "दारिद्र्यामुळें पितो," असें दुसरा. स्कॉटलंड देशांत सरकार याविषयीं वरचेवर पाहणी करवितें. तींत दिसतें कीं, प्रकृतीस अपायकारक इतकी पिणारे पुरुष गरिबांपेक्षां सधनांतच अधिक आहेत. आम्ही मात्र गुत्त्यापाशीं पडलेल्या मजुराला बोल लावतों. माडीवर बसून पिणारा आमच्या दृष्टीस पडत नाहीं!

परंतु कबरस्थानाचा हिशेब उलट आहे. इ. स. २०२३ सालीं तेथें केवळ दारूमुळें १,२७७ माणसें मेलीं, त्यांत सुमारें दोनतृतीयांश पुरुष. अतिशय गरीब वस्त्यांत हें मृत्यूचें प्रमाण सधन वस्त्यांच्या चौपटीहून अधिक होतें. कारण, गरिबांत मुळींच न पिणारे पुष्कळ असले तरी पिणाऱ्यांपैकीं कांहीं एकाच बैठकींत बेसुमार पितात. वर तंबाखू, अन्न निकस, आणि औषधपाणी उशिरां. सधनाला त्याची मिळकत कांहीं काळ सांवरून धरते, व तेवढ्यानेंच तो निर्धास्त होतो.

१ मे २०१८ पासून तेथें दारूची किमान किंमत कायद्यानें ठरविली गेली. २०२० अखेरपर्यंतच्या तपासणीवरून, कायदा नसता तर झाले असते त्यापेक्षां असे मृत्यू शेंकडा सुमारें १३ कमी झाले. आणि ही घट पुरुषांत व गरीब वस्त्यांतच विशेष दिसली.