पारसची मालगाडी आणि तमनारची जमीन

प्रश्न : पारसच्या वीज केंद्रात जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या लहानपणापासून पाहतो. कोळसा वणी-चंद्रपूरला, म्हणजे आपल्याच विदर्भात आहे. मग राज्याच्या वीज कंपनीने स्वतःची खाण थेट छत्तीसगडात का घेतली? ती २०१५ साली मिळाली असं वाचलं. एक खाण सुरू करायला दहा-दहा वर्षं का लागतात? फायली अडवून ठेवतात की दुसरं काही कारण आहे?
— एक वाचक, बाळापूर

उत्तर : तुम्ही पाहता त्या गाडीपासूनच सुरुवात करू. अकोला जिल्ह्यातल्या पारसला आज २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २००८ साली सुरू झालेला आणि दुसरा २०१० सालचा. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे रोज आठ हजार टनांच्या वर. एका मालगाडीत पावणेचार हजार टनांच्या आसपास कोळसा मावतो, तेव्हा रोज किमान दोन भरलेल्या गाड्या पारसला रिकाम्या व्हायला हव्यात. एखाद्या आठवड्यात त्या आल्या नाहीत तर केंद्राच्या आवारातला साठा उतरू लागतो, संच कमी भारावर चालवावा लागतो आणि महागडी वीज बाहेरून घेतली की तिचा बोजा आपल्या बिलात ‘इंधन समायोजन’ या ओळीत येऊन बसतो. २०२१च्या ऑक्टोबरात देशभर कोळशाची टंचाई झाली, तेव्हा आपण ते अनुभवलं आहे.

हा कोळसा अकोल्याच्या जमिनीत नाही. आपल्याकडे काळ्या मातीखाली बसाल्टचा कातळ आणि पूर्णेच्या काठाने गाळाचा जाड थर, त्यात खारं पाणी. कोळसा सापडतो तो गोंडवाना काळातल्या, कातळाहून कितीतरी जुन्या खडकांत. ते खडक वर आलेत वर्धा नदीच्या खोऱ्यात : वणी, माजरी, भद्रावती, घुग्घुस, राजुरा. म्हणून तुमचा प्रश्न रास्तच आहे. एवढ्या जवळ असताना रायगडपर्यंत कशाला जायचं? (हा रायगड छत्तीसगडातला, आपला कोकणातला नव्हे.)

कोळसा कुणाच्या दाराशी आहे यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि वर्धा खोऱ्यातल्या खाणी केंद्राच्या कंपनीकडे गेल्या. नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, आपण जिला ‘वेकोलि’ म्हणतो, ती १९७५ पासून त्या चालवते. राज्याच्या वीज कंपनीला स्वतःची खाण हवी असेल तर केंद्र देईल तो पट्टा घ्यावा लागतो. त्यातून विलक्षण गोष्टी घडल्या. भद्रावती तालुक्यातले बरांजचे पट्टे मिळाले कर्नाटकच्या वीज कंपनीला, आणि चंद्रपूर जिल्ह्यातला कोळसा बेल्लारीला जळू लागला. महाराष्ट्राला मात्र २००६ साली गुजरातसोबत भागीत मिळाला ओडिशातला माछाकाटा. मग २०१४ आलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनचं पट्टेवाटप मनमानी आणि बेकायदेशीर ठरवलं आणि २४ सप्टेंबरला २१८ पैकी २०४ पट्टे रद्द केले. माछाकाटा गेला. बरांजही रद्द झालं. नंतर ते कर्नाटकालाच परत मिळालं, पण मधली काही वर्षं खाण बंद राहिली. त्या बंद वर्षांत बरांज मोकासा गावाची अवस्था काय होती याचा विचार करा : शेतं खाणीत गेलेली, पुनर्वसन झालेलं नाही, आणि ज्या खाणीसाठी हे सगळं झालं तीही चालत नाही.

२०१५ साली नव्या कायद्याने महानिर्मितीला, म्हणजे राज्याच्या वीज कंपनीला, मिळाला गारे पेलमा सेक्टर दोन, रायगड जिल्ह्याच्या तमनार तालुक्यातला पट्टा. सुमारे ६५ कोटी टन कोळसा आणि वर्षाला २ कोटी ३६ लाख टन काढण्याची योजना. तो जायचा कोराडी, चंद्रपूर आणि परळीच्या नव्या संचांना. पारसचं नाव त्या यादीत नाही.

आता दहा वर्षांचं कारण. कोळसा खाण सुरू होण्याआधी सुमारे १९ मोठ्या परवानग्या लागतात, हे केंद्र सरकारच सांगतं. खाणीचा आराखडा, पर्यावरण मंजुरी, वनजमिनीची मंजुरी दोन टप्प्यांत, प्रदूषण मंडळाच्या दोन संमती, भूजलाची परवानगी, खाण सुरक्षा महासंचालनालय, स्फोटकांचा परवाना, अशी ती रांग आहे. फायली एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागतो हे खरं. २०२१च्या जानेवारीत केंद्राने त्यासाठी एक खिडकी व्यवस्था काढली, आणि तिने काही महिने वाचत असतील तर ते चांगलंच आहे. पण दहा वर्षं खिडक्यांमुळे जात नाहीत. ती जातात जमिनीमुळे, आणि जमिनीवरच्या माणसांना कसं विचारलं यामुळे.

तमनारचाच क्रम पाहा. खाणीखाली येणारी जमीन २,५८३ हेक्टर, म्हणजे सहा हजार तीनशेहून जास्त एकर. १४ गावं. त्यात २१४ हेक्टर जंगल. हा पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग, म्हणजे इथे २०१३च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामसभेची संमती आधी घ्यायची असते आणि वनहक्क कायद्याचे दावे आधी निकाली काढायचे असतात. जनसुनावणी झाली २७ सप्टेंबर २०१९ रोजी डोलेसरा गावात. पर्यावरण मंजुरी मिळाली ११ जुलै २०२२ला, वन मंजुरीचा दुसरा टप्पा २०२३च्या जानेवारीत. कागदावर सगळं पार पडलं होतं. गावकरी हरित लवादात गेले आणि १५ जानेवारी २०२४ला लवादाच्या भोपाळ पीठाने ती पर्यावरण मंजुरीच रद्द केली. जनसुनावणी रीतसर झाली नाही, त्या भागातल्या लोकांच्या आरोग्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जे सांगितलं त्याचा विचार झाला नाही, पाण्याचा आणि त्या परिसराच्या सहनशक्तीचा अभ्यास नीट झाला नाही, अशी कारणं त्यात होती. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पुन्हा मंजुरी दिली. जून २०२५मध्ये मुडागाव आणि सराईटोला इथली झाडं पोलीस बंदोबस्तात पाडली गेली.

हा क्रम मी मुद्दाम तारखांनिशी दिला. यात ‘लोकांनी अडवलं’ असं म्हणायला जागा किती आहे, ते तुम्हीच मोजा. सुनावणीपासून मंजुरीपर्यंत जवळपास तीन वर्षं गेली ती दिल्लीत. आणि २०१९ साली एक दिवस नीट ऐकून घेतलं असतं, आरोग्याचा अहवाल समोर ठेवून उत्तर दिलं असतं, तर २०२४चा दणका बसला नसता. एकोणीस परवानग्यांत शेतात राबणाऱ्या माणसाला समोरासमोर बोलायला मिळतं ती जागा जवळजवळ एकच : ही जनसुनावणी. तीस दिवस आधी जाहिरात, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, प्रदूषण मंडळाचे अधिकारी, आणि प्रत्येक माणसाचं म्हणणं नोंदवून घ्यायचं. अडथळा समजून ती घाईत उरकली की तोच माणूस पुढे वकिलामार्फत बोलतो आणि मग वर्षं लागतात. माझं मत असं आहे की विजेची ज्याला खरी घाई आहे त्याने सुनावणी सर्वांत सावकाश घ्यावी.

त्याच तमनार तालुक्यातल्या गारे गावच्या लोकांनी आणखी एक वाट काढली आहे. दरवर्षी २ ऑक्टोबरला ते ‘कोयला सत्याग्रह’ करतात. आपल्या जमिनीतला कोळसा आपण स्वतः काढतो आणि त्यावर हक्क सांगतो. अकोल्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. १९३० साली समुद्र शेकडो मैल दूर असताना दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून आपल्या लोकांनी कायदा मोडला होता. खारपाणपट्ट्याचं ते पाणी शेताच्या कामाचं नव्हतं, पण ते आपल्या गावचं होतं आणि त्यातलं मीठही आपलं होतं.

काही खाणी झाल्या नाहीत हे बरंच झालं, हेही सांगितलं पाहिजे. चंद्रपुरात ताडोब्याला लागून लोहाऱ्याचा पट्टा होता. चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले, आणि २००९ साली केंद्राने त्याची प्रक्रिया थांबवली. चिमूर तालुक्यातला बंदर पट्टा वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर येतो. २०२०च्या लिलावाच्या यादीत तो होता आणि महाराष्ट्राच्या पर्यावरण मंत्र्यांच्या पत्रानंतर वगळला गेला. या दोन्ही पट्ट्यांशिवायही पारसला गाड्या येतातच आहेत.

प्रश्न : माझ्या मामेभावाचं शेत वणीजवळ आहे, साडेतीन एकर, कापूस आणि सोयाबीन. गावात ‘सेक्शन चार लागलं’ असं सगळे म्हणतात. म्हणजे शेत गेलं का? आता त्याने काय करावं?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : नाही, शेत गेलेलं नाही. पण आता बेसावध राहायचं नाही.

वेकोलिसाठी जमीन घेतली जाते ती बहुतेक १९५७च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने. या कायद्याचं कलम ४ म्हणजे केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करतं की या भागात कोळसा असण्याचा संभव आहे आणि आम्ही तपासणार. त्यानंतर अधिकारी शेतात येऊन मोजणी करू शकतात, बोअर मारू शकतात. त्यात पिकाचं नुकसान झालं तर ते भरून मिळण्याची तरतूद आहे. मालकी तुमच्या मामेभावाचीच राहते. पेरणी, विहीर, बँकेचं पीककर्ज, काहीही थांबवायची गरज नाही.

खरं महत्त्वाचं आहे कलम ७. जमीन घेण्याचा इरादा त्यात जाहीर होतो, आणि त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत कलम ८खाली लेखी हरकत घेता येते. हे तीस दिवस गावात कुणाला कळतसुद्धा नाहीत, कारण राजपत्र कुणी वाचत नाही. त्यामुळे सरपंच किंवा एखाद्या शिकलेल्या मुलाने त्यावर नजर ठेवायची जबाबदारी घ्यावी. त्यानंतर कलम ९ आलं की जमीन सरकारच्या नावे झाली, तिच्यावरचे सगळे हक्क आणि बोजे संपले. इथेच लोक फसतात. साध्या व्यवहारात पैसे हातात पडल्यावर खरेदीखत होतं. या कायद्यात मालकी आधी जाते आणि मोबदला मागून येतो. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात एका गावाची जमीन १९८०च्या दशकात अशी गेली, आणि मोबदला ठरवण्यासाठी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला आयोग नेमावा लागला.

दराचं म्हणाल तर २०१५ पासून या जुन्या कायद्याने घेतलेल्या जमिनीलाही २०१३च्या कायद्यातला मोबदला आणि पुनर्वसन लागू आहे. बाजारभाव, ग्रामीण भागासाठी त्यावर १ ते २ मधला गुणक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. बाजारभाव ठरवताना आसपासची नोंदवलेली खरेदीखतं पाहिली जातात. त्यामुळे मुद्रांक वाचवायला वर्षानुवर्षं कमी किमतीची खतं केली असतील, तर तो फटका आता सगळ्या गावाला बसतो.

नोकरीचं गणित वेगळं आहे. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. साडेतीन एकरांत एकच बसते. उरलेल्या दीड एकरासाठी शेजाऱ्याशी जमीन एकत्र करून गट करता येतो का, ते आतापासून विचारून ठेवावं. नोकरी नको असेल तर रोख रकमेचा पर्याय असतो.

आज करायचं काम एकच, आणि ते तलाठ्याकडे आहे. सात-बारा आणि फेरफार काढून पाहा. वडील वारले असतील आणि वारस नोंद झाली नसेल तर ती लगेच करून घ्या. विहीर, मोटारपंप, संत्र्याची किंवा आंब्याची झाडं, शेतातला गोठा, हे सगळं नोंदीत आहे का ते बघा, कारण पंचनाम्यात जे नाही त्याचा मोबदला मिळत नाही. कोरडवाहू लिहिलेलं शेत प्रत्यक्षात ओलिताचं असेल तर ती दुरुस्ती कलम ९च्या आधी झाली पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी मामेभाऊ कदाचित विचारणार नाही. त्याला बहिणी असतील तर वडिलांच्या जमिनीत त्यांचा हिस्सा आहे. भूसंपादनाच्या बातम्या येऊ लागल्या की घरोघरी हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई सुरू होते, आणि नोकरी, रोख आणि नव्या गावठाणातला भूखंड कुणाच्या नावे जाणार हे बहिणींना कुणी सांगत नाही. नोकरी एकालाच मिळणार हे खरं, पण मोबदल्याची रक्कम वाटता येते. सही करण्याआधी त्यांना या तिन्ही गोष्टी कागदावर दाखवा, आणि गावाबाहेरच्या एखाद्या वकिलाकडे त्यांना एकट्याने जाऊन विचारू द्या.