दोन मुकुटांचं कॅथेड्रल

(जालन्यातलं एक घर. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचं ठरतंय. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक, पुतणी सई अकरावीत.)

सई : काका, जुन्या गोव्यात तासभर पुरे ना? बॉम जेझूस चर्च बघायचं नि निघायचं.

काका : आणि रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल? संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांमुळं सगळे बॉम जेझूसकडं वळतात. पण आर्चबिशपचं आसन आहे से कॅथेड्रलमध्ये. गोव्याचं मुख्य चर्च तेच.

सई : पोर्तुगीजांनीच बांधलेलं ना?

काका : सुरुवात त्यांची. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं गोवा घेतला. तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून चर्च तिच्या नावचं. आत्ताची इमारत 1562 मध्ये पोर्तुगालच्या सेबास्तियांव राजाच्या काळात सुरू झाली. राजाची मालमत्ता विकून पैसा उभा केला. पुढं 1578 मध्ये हा राजा मोरोक्कोच्या लढाईत मारला गेला. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांत गादी गेली स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडं.

सई : म्हणजे गोव्यावर स्पेनचा राजा?

काका : साठ वर्षं! कारभारी पोर्तुगीज, मुकुट मात्र स्पेनच्या राजाच्या डोक्यावर. मुख्य बांधकाम 1619 ला संपलं ते त्याच काळात. 1640 मध्ये चर्चचा विधिवत अभिषेक झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालनं स्पेनचं जोखड झुगारलं. वेद्या पुऱ्या व्हायला 1652 उजाडलं. आपण सरसकट ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही.

सई : आणि दगड? आपल्याकडच्यासारखा काळा?

काका : छे. अन्व्याचं मंदिर बघितलंस ना, आपल्या भोकरदन तालुक्यातलं? काळ्या पाषाणात थेट मूर्ती कोरल्यात. गोव्यात मिळतो जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवेवर कडक होतो, पण अंगावर भोकंच भोकं. त्यात नाजूक नक्षी धरत नाही आणि उघडा राहिला तर पावसात झिजतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा. बॉम जेझूसचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला. लाल भिंती फोटोत झकास दिसतात, पण दर पावसाळ्यात दगडाला सोसावं लागतं. से कॅथेड्रल पांढरं आहे ते या चुन्याच्या गिलाव्यामुळं.

सई : मग नक्षी कुठंच नाही?

काका : आहे की, लाकडात! बाहेरून टस्कन शैलीची भारदस्त, साधी दर्शनी भिंत, 115 फूट उंच. आत शिरलीस की 250 फूट लांब दालन, मधे उंच कमानी छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी आणि त्यांमागं छोटी प्रार्थनाघरं. टोकाला मुख्य वेदीमागचा सोन्याचा मुलामा दिलेला लाकडी पडदा. त्यावर सेंट कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत, शिरच्छेदापर्यंतचे. तिथं घाई करू नकोस. बाप्तिस्म्याचं कुंडही बघ, 1532 चं, इमारतीपेक्षा जुनं.

सई : फोटोत एकीकडंच मनोरा दिसतो. दुसरा बांधायचा राहिला?

काका : दोन होते. उत्तरेकडचा 1776 मध्ये कोसळला. दक्षिणेकडच्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. सोन्याची नाही हं, तिचा नाद तसा म्हणून ते नाव. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीर शिक्षांच्या वेळी हीच वाजायची, असं सांगतात.

सई : मग पडलेला मनोरा पुन्हा का नाही उभारला?

काका : उभारायचा कुणासाठी? रोगराईनं शहर ओस पडत चाललं होतं. व्हाइसरॉयनंच 1759 मध्ये पणजीला मुक्काम हलवला होता, आणि 1843 मध्ये राजधानीही रीतसर पणजीला गेली.

सई : तासभरात नाही व्हायचं हे. आईला सांगते, दुपारपर्यंत तिथंच थांबू.

काका : सांग. आणि आधी से कॅथेड्रल, मग बॉम जेझूस.