ताप उतरल्याची तारीख

भिलाईत 2018 चा पावसाळा डेंग्यूचा पावसाळा म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे. खुर्सीपार भागातून बातम्या येऊ लागल्या, ऑगस्टमध्ये मृतांचा आकडा दोन अंकी झाला आणि आमच्या वैशाली नगरातही घरोघरी तापाची माणसं दिसू लागली. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांची सफाई कारखाना बघतो, आमच्यासारख्या वस्त्यांची नगर निगम. त्यामुळे चहाच्या टपरीवर सगळी चर्चा हद्दीचीच. निवडणुकीचं वर्ष असल्यामुळे तिला आणखी धार होती.

माझा भाचा तेव्हा शिकायला आमच्याकडे राहत होता. पोर ताईचं, ताई नागपुरात, आणि जबाबदारी माझी. त्याला सणकून ताप आला, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, अंग मोडून आलं. जवळच्या एका दवाखान्यात त्याला अंगदुखीवर इंजेक्शन मिळालं. ते त्याला द्यायला नको होतं, हे मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. दोन-तीन दिवसांनी ताप उतरला. ताईने फोनवर देवाचे आभार मानले, यांनी पेढे आणायची भाषा केली, आणि पोरगा म्हणाला, उद्या कॉलेजला जातो.

त्याच दुपारी मितानिन फेरीवर आली. छत्तीसगडात 2002 पासून वस्तीवस्तीत या आरोग्यसेविका आहेत. देशभरातल्या आशा त्यांच्यानंतर तीन वर्षांनी आल्या. ताप किती होता, हे तिने विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "बुखार कब उतरिस?" मग लघवी केव्हा केली, ओकारी होते का, पोट दुखतं का. पोट दुखत होतं. तिने त्याचे हात धरून पाहिले, ते गार होते. "अभी ले जाओ, शाम मत करना," एवढंच म्हणून ती पुढच्या घरी गेली.

दवाखान्यात त्याला भरती करून घेतलं. सलाईन, दर काही तासांनी रक्ताची तपासणी. दोन दिवसांनी तो इडली मागू लागला. पेढे त्यानंतर आले.

तेव्हापासून मी ज्याला-त्याला एकच सांगत सुटले आहे: डेंग्यूत थर्मामीटरइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि खरा धोका तिथून पुढचे 24 ते 48 तास असतो. या काळात काही रोग्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र माणूस बरा झाल्यासारखा दिसतो. म्हणून पोटात सतत दुखणं, वारंवार ओकारी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, तगमग किंवा विचित्र सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून घरी थांबू नका.

आमच्या फ्रिजच्या दारावर आता पावसाळाभर एक कागद असतो. घरात कुणालाही ताप आला की चढल्याची तारीख आणि वेळ, उतरल्याची तारीख आणि वेळ, दिवसभरात काय प्यायलं, लघवी कितीदा झाली, सगळं त्यावर. डॉक्टरांसमोर "परवापासून असेल बहुतेक" म्हणणारे नातेवाईक मी खूप पाहिले. त्या "बहुतेक"वर तपासणीही अडते. एनएस-1 ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर आयजीएम. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि सगळे निर्धास्त होतात. कोपऱ्यावरच्या लॅबची कार्डवरची झटपट चाचणी सरकार पक्की धरत नाही, त्याला एलायझा लागते. खाजगी आणि सरकारी आकडे जुळत नाहीत त्यामागे हेही एक कारण असतं. दर वेळी लपवाछपवीच असते असं नाही.

औषध म्हणाल तर तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ओआरएस, ताक, पेज, डाळीचं पाणी चालू ठेवा. आणि प्लेटलेटचा धसका जरा कमी करा. त्या महिन्यात आमच्याकडे लोक प्लेटलेटचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे एकमेकांना सांगत होते आणि पपईची पानं शोधत गल्लोगल्ली हिंडत होते. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा चढवत नाहीत. डॉक्टरांची नजर हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्यावर असते. तुम्हीही तो आकडा विचारा.

रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. घरच्यांना हे फार विचित्र वाटतं. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसाच चावतो, आणि तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रोग्याच्या रक्तात विषाणू असतो. ते रक्त प्यायलेला डास आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्यांना आजार देऊ लागतो. गल्लीत एका घरात डेंग्यू निघाला की दोन-तीन आठवड्यांनी शेजारी का निघतो, त्याचा हिशोब हा असा आहे.

आता डासाची तारीख. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळं साठवणीचं पाणी उपसायचं. आमच्याकडे नळाला ठरावीक वेळीच पाणी, त्यामुळे घरोघरी ड्रम आणि टाक्या. त्यांना घट्ट झाकण हवं. सगळ्यात वाईट तो कूलर. जूनमध्ये पाऊस आला की कुणी त्याच्याकडे बघत नाही, तळात पाणी तसंच. नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडी झाली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून कडा काथ्याने खरवडून घासा आणि कूलर पुसून कोरडा ठेवा. फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, कुंडीखालची बशी, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, सगळं त्याच दिवशी.

आमच्या गल्लीतल्या उत्साही मंडळींनी नालीत जळकं ऑइल ओतलं होतं. नालीतल्या दुसऱ्या डासांना त्याचा त्रास झाला असेल. एडिसला घरातलं स्वच्छ पाणी लागतं. धुराची गाडी आली की मुलं मागे धावतात, मोठ्यांनाही बरं वाटतं. त्या धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. गाडी येऊ द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. निगमची माणसं अळ्या मारणारं टेमीफॉस टाकायला आली तर त्यांना गच्चीपर्यंत जाऊ द्या. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांनी त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं होतं.

एप्रिल 2021 मध्ये करोनासाठी दुर्ग जिल्ह्यात 6 तारखेपासून टाळेबंदी लागली, तेव्हा घरात बसणं हाच उपाय होता. डेंग्यूला तो लागू नाही. हा डास घरातच राहतो, पडद्याआड, पलंगाखाली, आणि फार तर काही शे मीटर उडतो. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या पाण्यातला.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणून निश्चिंत होऊ नका. वेगळ्या प्रकाराचा दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो. आणि शाळेला, ऑफिसला सुट्टीचा अर्ज लिहाल तेव्हा ताप उतरल्यानंतरचे किमान दोन दिवस त्यात आधीच धरा.