एकशे एकावं युनिट

प्रश्न : आम्ही महावितरणचे घरगुती ग्राहक आहोत. शेजारचे काका सांगतात की, महिन्याला 100 युनिटं ओलांडली की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो. त्यामुळे 25 तारखेपासून मी आणि सासूबाई रोज मीटर बघून वजाबाकी करतो. आकडा 95 च्या पुढे गेला की पंखा बंद करून बसतो. मागच्या महिन्यात 98 वर थांबलो, या महिन्यात 104 झाली. आता बिल दुप्पट येणार का?
(सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आधी पंखा लावा, मग पुढचं वाचा. बिल दुप्पट येणार नाही.

तुमची अडचण अशी, की 100 हा आकडा तुम्हाला उंबरठ्यासारखा वाटतो आहे. पाऊल पलीकडे पडलं की घरच बदललं. प्रत्यक्षात ती जिन्याची पायरी आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे असे आहेत : 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो. खालची 100 युनिटं त्यांच्या जुन्या, स्वस्त दरानेच मोजली जातात.

दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून गणितापुरते सोपे आकडे धरू. पहिल्या टप्प्याला युनिटमागे 4 रुपये, दुसऱ्याला 10. मागच्या महिन्याच्या 98 युनिटांचे 392 रुपये झाले. या महिन्यात पहिल्या 100 चे 400 आणि वरच्या चारांचे 40, मिळून 440. फरक 48 रुपयांचा. काका म्हणतात तसं असतं, तर 1040 रुपये झाले असते.

अर्थात बिलात एवढंच नसतं. स्थिर आकार दोन्ही महिन्यांत तोच राहतो, कारण वापर कितीही असो, जोडणी आहे म्हणून तो भरावाच लागतो. वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा वहन आकार मात्र युनिटागणिक पडतो. तो रुपयाभर धरा. मग या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. एवढं धरूनही जास्तीच्या सहा युनिटांपायी तुम्हाला साठ-पासष्ट रुपये जास्त पडतील. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक कमीजास्त होतो, त्यामुळे वापर तेवढाच असूनही कधी बिल हलतं. त्याचा दोष पंख्याला देऊ नये.

काकांचा समज अगदीच हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. कर्नाटकात 2023 पासून ‘गृहज्योती’ योजनेत 200 युनिटांपर्यंतची वीज घरगुती ग्राहकांना ठरलेल्या मर्यादेत मोफत मिळते, पण वापर 200 च्या वर गेला की त्या महिन्याचं संपूर्ण बिल भरावं लागतं. तिथे उंबरठा खराच आहे. बेळगाव किंवा बेंगळुरूच्या नातेवाइकांशी बोलताना ऐकलेली गोष्ट सांगलीच्या बिलाला चिकटली, असं सहज होऊ शकतं. सवलतीची मर्यादा वेगळी आणि दराचा टप्पा वेगळा, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ उरत नाही.

आता तुमच्या 25 तारखेबद्दल. बिलाचा महिना पहिल्या तारखेला सुरू होत नाही; एका रीडिंगपासून पुढच्या रीडिंगपर्यंत तो धरतात. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा छापलेल्या असतात, त्या बघा. कदाचित तुम्ही ज्या दिवशी जीव मुठीत धरून मीटर बघता, तेव्हा नवा महिना सुरू होऊन आठवडा झालेला असेल! रीडिंग न झाल्यामुळे दोन महिन्यांचं बिल एकत्र आलं, तर टप्पेही दुप्पट धरले गेले पाहिजेत. म्हणजे दोन महिन्यांची 190 युनिटं पूर्णपणे पहिल्याच टप्प्यात बसतात. तसं नसेल तर बिल घेऊन उपविभागीय कार्यालयात जा आणि दुरुस्ती मागा, संकोच करू नका.

राहिला पंखा. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं उपकरण तासभर चालणं. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. तो रात्रभर, आठ तास चालला तरी जेमतेम 0.6 युनिट होतं, महाग टप्प्यातही सात-आठ रुपयांचं. एवढ्यासाठी सासूबाईंना उकाड्यात बसवणं मला पटत नाही. 2000 वॅटचा गिझर अर्ध्या तासातच एक युनिट खातो, तेव्हा घरात तो असेल तर नजर त्याच्यावर ठेवा.

बचत करायचीच असेल, तर ती महिनाअखेरीच्या चार दिवसांत होत नाही, तीसही दिवस व्हावी लागते. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण 30 वॅटमध्ये देतो. दिवसाला 15 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिटं वाचतात. असे दोन पंखे बदलले, तर तुमची 104 युनिटं 65 च्या आत येतील. त्यातली पहिली चार युनिटं महाग दराची वाचतील, बाकीची स्वस्त दराची, त्यामुळे पंख्यांची किंमत वसूल व्हायला तुम्हाला थोडा वेळ लागेल. ज्यांचा वापर 250 च्या घरात आहे, त्यांची सगळीच बचत वरच्या टप्प्यातली असते, म्हणून त्यांचे पैसे बरेच लवकर सुटतात. काकांचा वापर तेवढा असेल, तर हा हिशेब त्यांनाही दाखवा.