स्प्रिंटरवर जीव लावण्याआधी

अगं, मामेभावावर एवढी रुसू नकोस. "स्प्रिंटर म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या आडोशाला बसायचं आणि शेवटी दोनशे मीटर मिरवायचं," असं तो म्हणाला म्हणून तू चक्क ग्रुप सोडलास, हे मला काकूकडून कळलं. बोलणं लागट आहे, कबूल. पण त्याला उत्तर म्हणून तू काय दिलंस? "जोनाथन मिलान कसला भारी दिसतो!" हा काही मुद्दा झाला का? (दिसतो भारी, ते आपल्या दोघींत राहू दे.)

तेव्हा जरा ऐक. मी घड्याळवाल्यांच्या बाजूची, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. टाइम ट्रायलला माणूस सायकलवर एकटा निघतो, मागून टीमची गाडी येते, आणि आडोसा द्यायला कुणीही नसतं. मला ते बघायला आवडतं. पण कोण श्रेष्ठ हा वाद घालत बसलात तर दोघंही म्हातारे व्हाल. विशीतल्या पोराबद्दल मत बनवायचं असेल तर माझं म्हणणं वेगळंच आहे. घड्याळ लवकर बोलतं, स्प्रिंट उशिरा. एकोणिसाव्या वर्षी टाइम ट्रायलमध्ये जो चमकला, त्याच्या ताकदीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. त्याच वयाचा स्प्रिंटर मात्र हरला म्हणून मोडीत काढू नये आणि जिंकला म्हणून लगेच डोक्यावर घेऊ नये. तुझी गाडी इथेच घसरते. पोरगं दोन स्टेज जिंकलं की तू त्याचा फोटो डीपीला लावतेस.

वेल्सचा जॉश टार्लिंग घे. जन्म २००४चा. २०२२ मध्ये ज्युनिअर गटात टाइम ट्रायलचा जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी स्टर्लिंगला थेट मोठ्यांच्या गटात तिसरा आला. पुढे दोघंच होते, रेमको एव्हेनपूल आणि फिलिपो गाना. त्याच सप्टेंबरात पोरगं युरोपचं विजेतं झालं. असं नशिबाने होत नाही, कारण इथे प्रतिस्पर्धी असते ती हवा. पन्नासच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि वेग दीडपट करायचा तर ताकद तिपटीहूनही जास्त लागते. अशा हिशेबात अर्धा तास कुणी कुणाला फसवू शकत नाही.

तरी घड्याळ अगदी देवासारखं न्यायी असतं असंही समजू नकोस. २७ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक, रस्ते पावसाने निसरडे. टार्लिंगचं चाक पंक्चर झालं, सायकल बदलावी लागली आणि तो चौथा आला. पदक हुकलं ते दोनेक सेकंदांनी. त्याच वर्षी झ्युरिकच्या जागतिक स्पर्धेत एव्हेनपूल निघण्याच्या फळीवर उभा, काही सेकंद उरलेले, आणि सायकलची चेन उतरली. मेकॅनिक खाली वाकून चेन चढवतोय आणि वर हा पठ्ठ्या घामाघूम. वर पॉवर मीटरही चालेना, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणारा आकडाच गायब. तरी जिंकला. मला विचारशील तर त्या दिवशी तो जास्त आवडला. आकडा नसताना पायांवर विश्वास ठेवणं मोठ्यामोठ्यांना जमत नाही.

आता तुझ्या लाडक्यांकडे येते. मार्क कॅव्हेंडिश, आइल ऑफ मॅनचा. सायकलिंगमध्ये जम बसवण्याआधी बँकेत नोकरी करायचा. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्याचे आकडे सुमार यायचे, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. नुसत्या आकड्यांवर निवड झाली असती तर तो काउंटरवरच राहिला असता. आणि याच माणसाने २००८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, टूर द फ्रान्सच्या चार स्टेज जिंकल्या. पुढच्या वर्षी सहा. यंत्राला न दिसणारी अशी काय गोष्ट त्याच्यात होती? शंभरेक जण साठ-सत्तरच्या वेगाने अंगाला अंग लावून चाललेत, तेव्हा कुठली फट उघडणार आणि कुठली मिटणार हे त्याला आधी दिसायचं. बंद खोलीतल्या सायकलवर हे मोजणार कसं?

शिवाय स्प्रिंट एकट्याचा नसतो. दहीहंडीत फोडणारा एकच दिसतो आणि थर लावणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही, तसंच हे. कॅव्हेंडिशच्या त्या काळातल्या टीममध्ये टोनी मार्टिनसारखा माणूस वेग चढवायचा आणि अगदी शेवटी मार्क रेनशॉ त्याला मोकळं सोडायचा. टोनी मार्टिन म्हणजे साधासुधा गडी नव्हे हं! टाइम ट्रायलचं जगज्जेतेपद चार वेळा मिळवलेला माणूस. तुझ्या भावाला हे सांग. तो ज्या घड्याळवाल्यांचं कौतुक करतो, त्यांनीच स्प्रिंटरला आडोसा दिलाय.

म्हणूनच तरुण स्प्रिंटरचा निकाल वाचताना आधी टीम बघायची. चांगले थर मिळाले तर मध्यम पोरगंही जिंकतं आणि थर ढासळले तर हिरा दहावा येतो. कॅव्हेंडिशलाच २०१८च्या सुरुवातीपासून तीनेक वर्षं एकही विजय मिळाला नव्हता. आजारपण, नैराश्य, सगळं झालं. २०२१ मध्ये परत आला तो टूरच्या चार स्टेज आणि गुणांत पहिला येणाऱ्याची हिरवी जर्सी घेऊन. आणि २०२४चा तो जुलै तर तू माझ्याच शेजारी बसून पाहिलास. पहिल्याच दिवशी उन्हात ओकत, टीममधल्यांच्या आधाराने वेळेच्या मर्यादेत कसाबसा पोचलेला माणूस. पाचव्या स्टेजला साँ-व्हुल्बात शेवटच्या काही शे मीटरमध्ये एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे सरकत गेला आणि टूरमधला पस्तिसावा विजय घेतला. मर्क्सचा सर्वाधिक स्टेजचा विक्रम मोडला तेव्हा वय एकोणचाळीस. तू उड्या मारत होतीस, मी मात्र शेवटचा किलोमीटर पुन्हा पुन्हा लावून बघत होते.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती तुमच्या दोघांच्याही भांडणाला सुरुंग लावते. मार्सेल किटेल आठवतो? टूरच्या चौदा स्टेज घेणारा तो सोनेरी केसांचा जर्मन. ज्युनिअर गटात तो टाइम ट्रायलचा जगज्जेता होता, २००५ला आणि पुन्हा २००६ला. स्प्रिंटर झाला तो व्यावसायिक झाल्यावर. आणि तुझा जोनाथन मिलान? टोकियो ऑलिंपिकला इटलीच्या ज्या चौघांनी ट्रॅकवरच्या सांघिक परस्यूटचं सुवर्ण घेतलं, त्यात गाना होता तसा हाही होता. २०२४च्या ऑक्टोबरात ट्रॅकवर एकट्याने चार किलोमीटर ३ मिनिटं ५९.१५३ सेकंदांत काढले, तेव्हाचा विश्वविक्रम. आडोसा नाही, थर नाही, नुसतं घड्याळ. आडोशाला बसणारा म्हणून मामेभाऊ ज्याला हिणवतो, त्याच्या पायांत हे आहे. ही एक गोष्ट तू ग्रुपवर टाकली असतीस तर ग्रुप सोडावा लागला नसता.

त्यात ज्युनिअर गटाचे जुने निकाल वाचताना आणखी एक ध्यानात ठेव. २०२२च्या अखेरपर्यंत त्या गटात जड गिअरला बंदी होती. पॅडलचा एक फेरा म्हणजे सायकल आठ मीटरच्या आतच पुढे जायची. पाय भराभर फिरवणारी पोरं त्यात खुलायची आणि जोर लावणारी अडखळायची. मोठ्यांत गेल्यावर गिअर मोकळा झाला की चित्र पालटायचं. तेव्हा अठराव्या वर्षी स्प्रिंटमध्ये कोण जिंकलं याला मी फार भाव देत नाही.

आता घड्याळवाल्यांचं दुखणं. गुण आहेत, पण मागणी कुठाय? १९९२च्या टूरमध्ये लक्झेंबर्गला एकच टाइम ट्रायल ६५ किलोमीटरची होती, आणि इंदुराइनने तिथे सगळ्यांना निदान तीन मिनिटं मागे टाकलं. २०१५च्या टूरमध्ये एकट्याने धावायचे किलोमीटर होते फक्त १३.८, तेही पहिल्या दिवशी. २०२३ला एकच, २२.४ किलोमीटर, आणि त्यात घाट. स्प्रिंटरला मात्र तीन आठवड्यांत अर्धा डझन तरी संधी मिळतात. मग टार्लिंगसारख्या पोराने करायचं काय? एव्हेनपूल घाट चढायला शिकला. गाना मिलान–सॅन रेमोसारख्या लांबलचक एकदिवसीय शर्यतीत दोनदा दुसरा आला. बाकीचे आयुष्यभर दुसऱ्याच्या पुढे राहून हवा खातात. म्हणून एखाद्या तरुण घड्याळवाल्याचं कौतुक करताना मी मनात विचारते, याला वर्षातून किती दिवस काम मिळणार? टार्लिंगने २०२५च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, तिरानाला रोग्लिचला एका सेकंदाने हरवलं, मी घरात नाचले. पण जिरो एकवीस दिवसांचा असतो.

तरी जेव्हा काम पडतं तेव्हा! २०२० साली ला प्लांश दे बेल फियला तादेय पोगाचारने रोग्लिचची ५७ सेकंदांची आघाडी एका संध्याकाळी पुसून टाकली आणि टूर जिंकली. बावीस पूर्ण व्हायला दोन दिवस होते. रोग्लिचचं हेल्मेट वाकडं होऊन कपाळावर चढलेलं आणि ते सरळ करण्याचंही भान त्याला नव्हतं. तसा एक दिवस स्प्रिंट कधी देऊ शकेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट तुला सांगू की नको असं होतंय, पण सांगते, कारण तू आता नुसती बघत नाहीस, शनिवार-रविवारी ग्रुपबरोबर चालवतेसही, आणि उतारावर पाटीपर्यंत शर्यत लावतेस हे मला कळलंय. ५ ऑगस्ट २०२०, पोलंडमधलं कातोवित्से. शेवटचा रस्ता उताराचा, वेग ऐंशीच्या आसपास. डिलन ग्रुनेवेगन रेषा सोडून बाजूला आला, फाबियो याकोबसन कठड्यावर आदळला आणि कठडे उडाले. तोंडातले बरेच दात गेले. डॉक्टरांनी त्याला कोमात ठेवलं होतं. ग्रुनेवेगनला नऊ महिने बंदी झाली. याकोबसन पुढच्या वर्षी स्पेनच्या व्हुएल्टात तीन स्टेज आणि हिरवी जर्सी घेऊन आला. २०२२ला डेन्मार्कमध्ये टूर सुरू झाली तेव्हा दुसरी स्टेज याकोबसनची, तिसरी ग्रुनेवेगनची. लोक याला सिनेमासारखी गोष्ट म्हणतात. मला मात्र तो उतार आठवतो. तिथे शेवटची रेषा ठेवायची परवानगी कुणी दिली, हा प्रश्न विसरायचा नाही.

एकट्याने धावणारे सुखरूप असतात असंही नाही. क्लोई डायगर्ट २०१९ला बावीस वर्षांची असताना दीड मिनिटाच्या फरकाने जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी इमोलाला आघाडीवर असताना वळणावर कठड्यावरून पलीकडे गेली, मांडी कापली गेली. परत जगज्जेती व्हायला तिला २०२३ उजाडावं लागलं. तू उतारावर ब्रेक लाव, एवढंच सांगते. जिंकायचं असेल तर चढावर जिंक.

आणि हो, बायकांच्या शर्यती बघायला लाग. लोरेना वीबेस हा माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याला अपवाद आहे, कारण ती लवकर जिंकायला लागली आणि थांबलीच नाही. २०२२ला टूर द फ्रान्स फामची पहिली स्टेज शाँझेलिझेवर तिचीच, तेव्हा वय तेवीस. २०२५ला बायकांची मिलान–सॅन रेमो पोजिओचा चढाव घेत झाली, तीही तिची. स्प्रिंटरला चढाव जमत नाही म्हणणाऱ्याला ती शर्यत दाखव.

यापुढे स्प्रिंट बघशील तेव्हा समालोचनाचा आवाज बंद कर आणि शेवटचे तीन किलोमीटर बघ, शेवटचे दोनशे मीटर नव्हेत. आपला माणूस कितव्या चाकामागे आहे, साथीदार किती उरलेत, वारा कुठल्या बाजूचा आहे. टाइम ट्रायलला मधल्या टप्प्यांच्या वेळा लिहून ठेव. सुरुवातीला सगळ्यात पुढे आणि शेवटी पाचवा असेल तर पोरगं अजून कच्चं आहे. सुरुवातीला आठवा आणि शेवटी तिसरा असेल तर त्याचं नाव लक्षात ठेव.

ग्रुपवर परत ये. मामेभावाला मी सांगते तो "आडोशाला बसायचं" शब्द मागे घ्यायला, घेईलच असं नाही. जुलैच्या टूरसाठी तुझ्या पाच तरुणांची यादी मला आधी पाठव. स्प्रिंटर पॉल मान्ये घातलास तर चालेल, त्याचा जन्मही २००४चाच आहे, पण निदान एक घड्याळवाला हवा. आणि मिलानच्या नावापुढे नुसतं "स्प्रिंटर" लिहिलंस तर यादी परत पाठवीन.