घेवड्याच्या मुळावरच्या गाठी

घेवड्याचे रोप उपटले की मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतात. "मुळाला रोग पडला," असे कोणी म्हणते. पण घाबरू नका. बोटाने सहज निघून येणारी गाठ म्हणजे खताचा छोटा कारखानाच आहे. सूत्रकृमीच्या रोगात मूळच सुजते, ती गाठ अशी निघत नाही.

हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नत्र असतो. पण झाडाला तो घेता येत नाही. ताट वाढलेले आणि तोंड बांधलेले! मग रायझोबियम नावाचे जिवाणू मदतीला येतात. ते मुळात गाठ करून राहतात. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र देतात. ही त्यांची सावडच म्हणायची. हॉलंडचे शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी १८८८ साली हे जिवाणू गाठींतून वेगळे केले.

सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण नत्र मिळवण्यात घेवडा इतर कडधान्यांच्या मागेच असतो. शिवाय हरभऱ्याचे जिवाणू त्याला चालत नाहीत. म्हणून पेरणीआधी बियाण्याला त्याचेच जिवाणू लावावेत. ते असे:

१. पाकिटावर 'घेवडा' लिहिले आहे का आणि मुदत संपली नाही ना, ते बघावे.

२. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे, जिवाणू सर्वांत शेवटी.

३. गुळाचे पाणी उकळून पूर्ण गार करावे व त्यात जिवाणू कालवावेत. २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते.

४. बियाण्याला हलक्या हाताने लावावे. जोरात चोळले तर साल निघते.

५. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. कडक उन्हात जिवाणू मरतात.

खत अजिबात बंद करा, असे नाही. पण सुरुवातीलाच युरिया जास्त पडला तर गाठी कमी येतात. पैसेही गेले आणि गाठीही गेल्या!

फुलोऱ्याच्या वेळी एक रोप मातीसकट खणून मुळे पाण्यात धुवा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर दिसली तर कारखाना चालू. पांढरी किंवा हिरवट दिसली तर बंद.

हे घरी नक्की सांगा. आणि पाकिटावरचे नाव वाचायचे काम आपले, बरं का!

– विज्ञान मंडळ, इयत्ता ७ वी