शिकारीची परवानगी आणि मनाची गफलत



हराम गोष्टींपासून कटाक्षाने दूर राहणारा माणूस एखाद्या हलाल गोष्टीच्या वाटेने अल्लाहपासून दूर जाऊ शकतो काय? हा प्रश्न अलीकडे आलेल्या एका पत्रामुळे माझ्यासमोर उभा राहिला. पत्र लिहिणारे बंधू मूळचे कोकणातले असून नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थायिक झाले आहेत. त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, त्यांची हकीकत येथे मांडतो. कारण रोग त्यांच्या एकट्याचा नाही.

मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायद्याने करता येते. परवाना घ्यावा लागतो, सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, अंगावर भडक नारिंगी वस्त्र घालावे लागते. बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. म्हणजे सोळा दिवस शिकारीचे आणि बाकीचे ३४९ दिवस प्रतीक्षेचे. आमचे हे बंधू एका सहकाऱ्याबरोबर प्रथम रानात गेले, ते केवळ कुतूहलाने. दुसऱ्या वर्षी त्यांना एक नर मिळाला. तेव्हापासून, त्यांच्याच शब्दांत, हंगाम नोव्हेंबरात येतो पण त्यांचे मन ऑगस्टपासूनच रानात जाऊन बसते. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे ते रात्री उशिरापर्यंत न्याहाळतात. नवी दुर्बीण, नवे बूट, नवे मचाण यांवर पैसा जातो. फजरच्या नमाजेत रुकूला वाकताना आज वारा कोणत्या दिशेचा आहे, हा विचार मनात येतो.

२०२४ साली १५ नोव्हेंबर हा शुक्रवार होता. ते लिहितात, “मचाणावर बसल्या बसल्या घड्याळ पाहिले. सव्वा वाजला होता. मस्जिद चाळीस मिनिटांवर होती. उतरलो नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा दहा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘अब्बा, आज खुतब्यात काय सांगितलं?’ मी म्हणालो, लक्षात नाही.”

वाचकहो, त्या दिवशी त्यांना हरीण मिळाले नाही. परंतु सावज झालेच नाही, असे कसे म्हणावे? जुमा गेला, आणि तो लपवण्यासाठी आपल्या लेकीशी खोटे बोलावे लागले.

शिकार मुळात निषिद्ध नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. इस्लामने शिकारीला परवानगी दिली आहे. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांनी पकडलेली शिकार अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची मुभा आहे. माननीय अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना शिकारीविषयी बारीकसारीक प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून या विषयाचे बरेचसे नियम आपल्याला मिळाले. हत्यार सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. टोकदार हत्याराने जखम होऊन मेलेले जनावर खावे. आडव्या मारामुळे, केवळ आघाताने मेलेले खाऊ नये. जनावर जिवंत हाती लागले तर त्याची रीतसर जबीहा करावी.

याच नियमामुळे बंदुकीच्या गोळीने मेलेल्या जनावराविषयी फकीहांमध्ये मतभेद आहेत. अल्लामा इब्न आबिदीन शामी यांच्यासारख्या हनफी फकीहांच्या मते गोळी कापत नाही, तर आपल्या जोराने व उष्णतेने फोडते. म्हणून जबीहा करण्यापूर्वीच मेलेले जनावर हलाल नाही. काजी शौकानी यांनी मात्र गोळी शरीर भेदून जाते या आधारावर ते हलाल मानले. आपण ज्या मसलकाचे आहोत त्याच्या जाणत्या आलिमांना विचारून वागावे, हेच योग्य.

येथे मला त्या पत्रातील एका उणिवेकडे लक्ष वेधायचे आहे. चार पानी पत्रात वाऱ्याची दिशा आहे, हरणाच्या पायवाटा आहेत, शिंगांच्या फाट्यांची संख्या आहे. पण त्या नराचे मांस हलाल कसे ठरले, हा प्रश्न कोठेही नाही. बंधूंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. गफलत म्हणजे काय, ते यावरून समजावे म्हणून लिहितो. ज्या कामात मन आकंठ बुडालेले असते, त्याच कामाविषयी अल्लाहची आज्ञा काय, हे विचारायचे सुचत नाही.

तीन प्रसंग, एकच कसोटी

पवित्र कुरआनात शिकारीचा उल्लेख केवळ मुभा म्हणून नव्हे, तर कसोटी म्हणूनही आला आहे. सूरह अल-माइदाच्या ९४ व्या आयतीत श्रद्धावंतांना सावध केले आहे की, हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीद्वारे अल्लाह त्यांची परीक्षा घेईल, म्हणजे न पाहता त्याचे भय बाळगणारा कोण, ते उघड होईल. मुफस्सिरांनी या आयतीचा संबंध हुदैबियाच्या प्रवासाशी जोडला आहे. सहाबा इहराममध्ये होते, शिकार वर्ज्य होती, आणि सावज तर अगदी जवळ येत होते. विचार करा, सावज दूर असते तर परीक्षा कसली?

त्याच प्रवासातील माननीय अबू कतादा (रजि.) यांची हकीकत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ते स्वतः इहराममध्ये नव्हते. रानगाढव दिसताच त्यांनी घोड्यावर झेप घेतली आणि खाली राहिलेला चाबूक सोबत्यांकडे मागितला. सोबती इहराममध्ये होते. त्यांनी चाबूकसुद्धा उचलून दिला नाही. पुढे ते मांस खाण्याविषयी विचारले गेले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी पहिल्यांदा हेच पाहिले की, इहराममधील कोणी शिकारीची सूचना तर केली नव्हती, बोट तर दाखवले नव्हते. भूक होती, सावज समोर होते, तरी हात चाबकापाशी थांबला. मनावरचा ताबा तो हाच.

दुसरा प्रसंग सूरह अल-आराफमध्ये (आयत १६३ ते १६६) आहे. समुद्रकाठच्या एका वस्तीतील बनी इस्राईलना शनिवारी मासेमारी वर्ज्य होती. नेमके शनिवारी मासे पाण्यावर उघड दिसत, इतर दिवशी दिसत नसत. सहा दिवसांची प्रतीक्षा आणि सातव्या दिवशीचे दर्शन यांनी त्यांना वेडे केले. त्यांनी मर्यादा मोडली, आणि तफसीरकारांच्या सांगण्याप्रमाणे युक्त्या लढवून मोडली. तृष्णेला पळवाट काढायला फार वेळ लागत नाही.

तिसरा प्रसंग सूरह अल-जुमुआच्या शेवटच्या आयतीशी संबंधित आहे. मदीनेत प्रेषित (स.) जुम्याच्या दिवशी उभे असताना धान्याचा काफिला आला. लोक तिकडे धावले आणि मस्जिदीत बाराच माणसे उरली. काफिल्यात हराम असे काहीच नव्हते. धान्य ही तर गरजेची वस्तू. चूक होती ती वेळेची आणि प्राधान्याची. मचाणावर घड्याळ पाहून न उतरलेल्या आमच्या बंधूंनी ही आयत पुन्हा वाचावी. आपणही वाचावी.

गफलत कशी येते?

इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या, अबू दाऊद, तिर्मिजी व नसाई यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये शिकारीच्या मागे लागणारा गाफील होतो, असा इशारा आहे. शिकार करणारा असे म्हटलेले नाही, तर मागे लागणारा म्हटले आहे. उलेमांनी याचा अर्थ असाच घेतला आहे की, गरजेपुरती किंवा अधूनमधून केलेली शिकार वेगळी आणि तिच्या नादी लागून इबादत व कर्तव्ये विसरणे वेगळे.

आपल्या मराठीत ‘व्यसन’ हा शब्द आज दारू-तंबाखूपुरता उरला आहे. त्याचा जुना अर्थ संकट असाही होता, आणि भारतातील प्राचीन नीतिग्रंथांनी राजाच्या व्यसनांत मृगयेची गणना केली आहे. राज्य विसरून हरणामागे धावणारा राजा त्यांना ठाऊक होता. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच.

यात प्रतीक्षेचा भाग मोठा आहे. प्रत्यक्ष शिकारीत थंडी असते, थकवा असतो, रिकाम्या हाताने परतणे असते. प्रतीक्षेत यातले काहीच नसते. तेथे प्रत्येक बाण लागतो, प्रत्येक नर मोठ्या शिंगांचा असतो. म्हणून हंगामापेक्षा हंगामाची वाट पाहणे अधिक नशा आणते, आणि ती नशा सोळा दिवसांत संपत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे बालपण खाडीकाठी गेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आम्ही मुले दोर, गळ, शिसे घेऊन बसत असू आणि ऑगस्टचे दिवस मोजत असू. मदरशातून सुट्टीवर आलो असतानाची एक संध्याकाळ आठवते. भरतीच्या पाण्यात गळ टाकून बसलो होतो. अस्रची अजान ऐकली आणि मनाशी म्हटले, एक मासा लागू दे, मग उठतो. मासा लागला तेव्हा सूर्य बुडाला होता. घरी कोणी रागावले नाही. दादीने मासा हातात घेतला आणि एवढेच विचारले, “केवढ्याला पडला?” आज मुसल्ल्यावर इमाम म्हणून उभा राहताना तो प्रश्न मला अजूनही ऐकू येतो.

शिकारीसुद्धा अल्लाहचा होऊ शकतो

माननीय हमजा (रजि.) हे नामांकित शिकारी होते. इब्न इस्हाक यांच्या सीरतमध्ये येते की, रानातून परतल्यावर घरी जाण्यापूर्वी काबागृहाचा तवाफ करण्याची त्यांची रीत होती. ही रीत इस्लाम स्वीकारण्यापूर्वीची आहे. एके दिवशी धनुष्य खांद्यावर घेऊन ते असेच परतत होते. अबू जहलने पुतण्याचा, म्हणजे प्रेषित (स.) यांचा अपमान केल्याचे त्यांना वाटेत कळले. त्याच धनुष्याने त्यांनी अबू जहलच्या डोक्यावर प्रहार केला आणि इस्लामची साक्ष दिली. शिकारीचे हत्यार सत्याच्या बाजूने उभे राहिले. रानातून येणारी त्यांची पावले आधी कोठे वळत, हे लक्षात घ्या.

उपाय

पत्रलेखक बंधूंना, आणि त्यांच्या निमित्ताने सर्वांना, चार गोष्टी सुचवतो.

१) घड्याळ नमाजेपासून लावा. मिशिगनच्या नियमाने सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणाची शिकार करता येते. म्हणजे शिकारीचा दिवस फजरच्या वेळेत उघडतो आणि मगरिबच्या वेळेत मिटतो. सुब्ह-ए-सादिक त्याच्या आधीच होते. मचाणावर चढण्यापूर्वी झाडाखाली फजर अदा करता येते. जुहर व अस्रसाठी खाली उतरा. शेवटच्या उजेडात घाईने गोळी झाडू नका, जखमी जनावर अंधारात तडफडत सोडणे हे प्रेषित (स.) यांनी शिकवलेल्या दयेविरुद्ध आहे.

२) जुम्याशी तडजोड नको. १५ नोव्हेंबर कोणत्याही वारी येवो, हंगामात शुक्रवार येतातच. त्या दिवशी मस्जिदीच्या जवळ राहा, किंवा दुपारपूर्वीच परता.

३) प्रतीक्षेला मर्यादा घाला. कॅमेऱ्यांची छायाचित्रे आठवड्यातून एकदाच पाहा. साहित्यावर जेवढा खर्च कराल तेवढा सदकाही काढा. नफ्स लगेच हिशोबाला येते. हा उपाय काही महिन्यांत लागू पडला नाही, तर एक पूर्ण हंगाम सोडून द्या. जी गोष्ट सोडता येत नाही, ती आपल्या मालकीची उरलेली नसते.

४) मुलीला खरे सांगा. तौबा अल्लाहकडे करायचीच आहे. पण खोटे तिच्याशी बोलला आहात. तिला जवळ बसवून सांगा की, त्या दिवशी अब्बा जुम्याला गेले नव्हते आणि ती चूक होती. बापाची मान यामुळे खाली जाईल, ही भीती बाळगू नका. चूक कबूल करणारा बाप लेकरांना खुतब्यापेक्षा जास्त शिकवून जातो.

येथील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. आपण देशाचा कायदा पाळण्यास बांधील आहोत. शिकार मुळात मुबाह आहे ही सबब येथे चालणार नाही. आणि ज्याने जन्मात बंदूक पाहिली नाही, त्यानेही हा लेख परका मानू नये. कोणाचे रान मोबाइलमध्ये आहे, कोणाचे क्रिकेटच्या मैदानात, कोणाचे जमिनीच्या व्यवहारात. नमाजेत उभे राहिल्यावर मन जेथे धावते, तेथे आपले सावज आहे. आणि बहुधा तेथेच आपण स्वतः कोणाचे तरी सावज झालेलो असतो.

हे अल्लाह, तू हलाल केलेल्या गोष्टींनी आम्हाला तुझ्या जवळ आण, त्यांच्यात आम्हाला हरवू देऊ नकोस. आमच्या अंतःकरणांना गफलतीपासून जप, आणि आमच्या लेकरांसमोर आम्हाला खरे ठेव. आमीन.